कारवान कुत्रं घरी पाळायचंय? शिकारी रक्ताचा हा पाहुणा आणण्याआधी एवढं माहीत असू द्या

मोबाईलवर रील सुरू होते. नांगरट झालेलं काळं रान, मागे धूळ, आणि पुढे बाणासारखं सुटलेलं एक सडपातळ कुत्रं. पोट पाठीला लागलेलं, पाय लांबच लांब, तोंड निमुळतं. खाली कमेंट ठरलेल्या असतात: ‘भाऊ, पिल्लू मिळेल का?’ आणि ‘रेट सांगा’.

हे कुत्रं म्हणजे कारवान, कुणी त्याला कारवानी म्हणतं. धाराशिव, लातूर, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले बिदर, कलबुर्गी, विजयपूर, बागलकोट हा सगळा पट्टा म्हणजे त्याचं घरच. परदेशी कुत्र्यांवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा आपल्या मातीतलं कुत्रं घ्यावं, हा विचार चांगलाच आहे. पण रीलमध्ये दिसतो तो धावण्याचा अर्धा मिनिट. उरलेले तेवीस तास एकोणसाठ मिनिटं हे कुत्रं घरात काय करतं, शेजारच्या शेळीच्या करडाकडे कसं बघतं आणि महामार्गाजवळ पट्टा सुटला तर काय होतं, हे रीलमध्ये येत नाही. सहा-आठ महिन्यांनी गावाबाहेर सोडून दिलेली, लंगडणारी कारवान कुत्री दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते.

कारवान, पश्मी आणि मुधोळ: एकच की वेगवेगळी?

‘कारवाँ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आशिया, अफगाणिस्तान, इराणच्या बाजूने दख्खनेत येणाऱ्या तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर सालुकी, ताझी अशा जातींची शिकारी कुत्री आली, इथल्या कुत्र्यांत मिसळली, आणि त्यातून ही जात घडली असं मानलं जातं. नावही त्या तांड्यांवरूनच पडलं.

अंगावर आखूड, गुळगुळीत केस असतील तर कारवान. कानांवर आणि शेपटीला रेशमासारखी झालर असेल तर पश्मी. ‘पश्म’ हा मूळ फारसी शब्द, अर्थ लोकर. पश्मिना शाल त्याच शब्दातली. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं.

मग मुधोळ हाउंड कुठला? बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात जपली, वाढवली आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव पडलं असं सांगतात. आजही गोंधळ कायम आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया याच कुत्र्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. त्यामुळे ‘हा कारवान नाही, ओरिजिनल मुधोळ आहे’ असं सांगून कुणी दुप्पट पैसे मागत असेल तर जरा थांबा.

नाव मात्र मुधोळचंच गाजलं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जात म्हणून नोंदही मुधोळ हाउंड याच नावाने आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी भारतीय जातींची कुत्री पाळा असं आवाहन करताना मुधोळचं नाव घेतलं आणि सोशल मीडियावर या कुत्र्यांची चर्चा एकदम वाढली.

तसं बघितलं तर या भागाला कुत्रं नवीन नाही. तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग अशा दोन गावांत आलटून पालटून मुक्काम करणाऱ्या खंडोबाबरोबरही कुत्रं असतंच, आणि खंडोबाच्या वाघ्यांनी कुत्र्यासारखं भुंकून देवाची सेवा करण्याची जुनी प्रथा होती. कुत्र्याला दारात मान होता. घरात, सोफ्यावर, कुटुंबातला सदस्य म्हणून ठेवणं ही मात्र अलीकडची गोष्ट, आणि अडचणी येतात त्या इथेच.

हे कुत्रं नाकाने नाही, डोळ्याने शिकार करतं

शिकारी कुत्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वास घेत जाणारा पोलिसांचा कुत्रा येतो. कारवान त्या गटातला नाही. ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हाउंड, आपल्याकडचे रामपूर हाउंड, राजापालयम, चिप्पीपराई यांच्यासारखा तो डोळ्याने शिकार हेरतो. निमुळतं तोंड, कपाळाच्या दोन बाजूंना डोळे, त्यामुळे जवळपास मागे काय चाललंय तेही त्याला दिसतं. लांबवर काहीतरी हललं की मान वर होते, कान मागे जातात, अंग ताठ होतं. पुढच्या क्षणी कुत्रं जागेवर नसतं.

धावण्याची पद्धतही वेगळी. भरधाव असताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. कण्याची स्प्रिंगसारखी उघडझाप होते. खोल छाती, मोठं हृदय, अंगावर चरबी जवळजवळ नाही. ससा वाकडातिकडा पळतो, म्हणून त्याच्यामागे लागणाऱ्या कुत्र्यालाही मालकाच्या हुकमाची वाट न बघता स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. शेकडो वर्षं माणसाने नेमकी हीच गोष्ट निवडून वाढवली: दिसलं की सुट, विचारायला थांबू नको.

आता विचार करा, अशा कुत्र्याला तुम्ही ‘ये, ये’ म्हणून हाक मारताय आणि पन्नास पावलांवर मांजर पळतंय. तुमची हाक त्याच्या कानावर पडते, पण त्या क्षणी ती त्याच्यासाठी महत्त्वाची नसते. याला बेशिस्त म्हणून मारणारे मालक खूप आहेत. मारून हे कुत्रं सुधारत नाही, फक्त बुजरं होतं, आणि बुजलेलं कुत्रं जास्त चावतं.

लहान चणीचं शिकारी कुत्रं हवंय? मग बीगलचाही हिशेब करा

कारवान अंगाने हलका असला तरी लहान नाही. नर खांद्यापाशी साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर, मादी त्याहून थोडी कमी. म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं ताट त्याला उभ्या उभ्या दिसतं. त्यामुळे धाराशिव, लातूर किंवा सोलापूर शहरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी बीगलकडे वळतात. खांद्यापाशी ३३ ते ४० सेंटीमीटर, वजन दहा-बारा किलोच्या आसपास, लोंबते कान, पांढरा-काळा-तपकिरी रंग. मुलांमध्ये हे कुत्रं छान रमतं यात शंका नाही.

पण बीगलही शिकारीच. इंग्लंडमध्ये सशामागे टोळीने सोडायचं कुत्रं, नाकाने माग काढणारं. वास लागला की तो डोकं खाली घालून किलोमीटरभर जातो, रस्ता वगैरे बघत नाही. टोळीत शिकार करताना मागच्या माणसाला आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून तो लांब सूर काढून ओरडतो. एकटा कोंडला तर तोच सूर तुमच्या गॅलरीतून तासन्‌तास निघतो. अपार्टमेंटमधली भांडणं बहुतेक यावरून होतात. शिवाय तो खादाड. वर्षभरात लठ्ठ झालेला बीगल हे शहरातलं नेहमीचं दृश्य आहे. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून कानाचा संसर्गही वारंवार.

डॅशहंड तर त्याहून बुटका. जर्मनीत बिज्जूसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या मागे बिळात घुसायला तयार केलेलं हे कुत्रं. अंगण उकरणं त्याच्या रक्तात आहे. लांब पाठीमुळे मणक्याची चकती सरकण्याचा धोका मोठा, म्हणून सोफ्यावरून उड्या मारू देणं आणि वजन वाढू देणं या दोन्ही चुका महागात पडतात.

शांत घर हवं असेल तर गंमत म्हणजे कारवान बीगलपेक्षा बरा. तो फार भुंकत नाही. व्यायाम झाला की दिवसातला बराच वेळ अंगाचं वेटोळं करून झोपतो. त्याला कमी जागा चालते, कमी धावणं चालत नाही.

घरात कसा वागतो?

घरच्या एक-दोन माणसांना कारवान जीव लावतो, बाकीच्यांना सहन करतो आणि परक्याला लांब ठेवतो. पाहुण्याने आल्या आल्या डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही. लॅब्रॅडोरसारखी शेपटी हलवत प्रत्येकाच्या अंगावर जाणारी ही जात नाही. हे माहीत नसलेली माणसं ‘कुत्रं माजलंय’ म्हणून मोकळी होतात.

राखणीला ठेवायचा विचार असेल तर अपेक्षा थोडी कमी ठेवा. अनोळखी हालचाल तो सगळ्यात आधी टिपतो, पण वस्तीवर चोराला अडवून धरणं हे त्याचं मूळ काम नाही. त्यासाठी गावठी कुत्रं कधीही सरस.

लहान मुलांच्या बाबतीत दोन नियम पक्के हवेत. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. या गटातली काही कुत्री झोपेत हात लागला की दचकून तोंड टाकतात, त्यात राग नसतो. दुसरं, ते खात असताना जवळ जायचं नाही. सहा-सात वर्षांखालचं मूल आणि कुत्रं यांना, कुठल्याही जातीचं असो, एकटं सोडायचं नाही. दोन महिन्यांच्या पिल्लापासून पुढचे दोन-अडीच महिने हा त्याच्या शिकण्याचा सगळ्यात चांगला काळ. या दिवसांत त्याला ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, फटाके, मुलांचा गोंगाट, टोपी-फेटा घातलेली माणसं, सगळं हळूहळू दाखवा. लसी पूर्ण व्हायच्या आधी कडेवर घेऊन दाखवा, उकिरड्यावर सोडू नका.

शेळ्या, कोंबड्या आणि मांजर: खरी परीक्षा

धाराशिव जिल्ह्यात हा मुद्दा बाजूला ठेवून चालत नाही. उस्मानाबादी शेळी ज्या मातीतली, तिथे दर दोन घरांआड दावणीला शेळ्या असतात. करडं उंडारतात, उड्या मारतात, ओरडत पळतात. पळणारी, ओरडणारी लहान गोष्ट म्हणजे कारवानच्या डोक्यातलं बटणच.

पिल्लू असताना शेळ्या-कोंबड्यांत वाढलेलं कारवान घरच्या जनावरांना बहुतेक वेळा काही करत नाही. पण ‘घरची शेळी’ आणि ‘शेजारची शेळी’ हा फरक तो करतो. दुसरं म्हणजे दोन कारवान एकत्र झाले की एकटं असताना कधी न केलेली गोष्ट ती करून बसतात. एक पळालं की दुसरं मागे, आणि मग थांबवणं कठीण. शेळी हे गरीब घराचं अडीअडचणीचं एटीएम असतं. एक गाभण शेळी मेली तर नुकसान काही हजारांचं, आणि गावातलं वैर वेगळंच. भरपाई कुत्र्याच्या मालकालाच द्यावी लागते, आणि पुढच्या आठवड्यात कुत्र्याला विष घातलं जाण्याची भीती असते ती वेगळी.

म्हणून सवय लहानपणापासून लावायची. रोज शेळ्यांच्या वेळी पिल्लाला दोरी लावून जवळ बसवायचं. शेळीकडे टक लावून बघायला लागलं की नावाने हाक, आपल्याकडे बघितलं की खाऊ. टक लागण्याआधी लक्ष वळवता येतं, सुटल्यावर नाही. मोठेपणी विकत घेतलेल्या, आधी शिकारीला नेलेल्या कुत्र्याबद्दल मात्र भरवसा धरू नका. असं कुत्रं कोंबड्यांच्या घरात नेऊच नये.

साखळी, पट्टा आणि महामार्ग

कारवानला सकाळ-संध्याकाळ चालणं आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मनसोक्त पळणं लागतं. ते मिळालं नाही तर तो दार कुरतडतो, खड्डे खणतो, गोल गोल फिरत राहतो. आपल्याकडे यावर सोपा उपाय म्हणजे साखळी. दिवसभर खांबाला, रात्री सोडलेला. हा सगळ्यात वाईट उपाय. दिवसभर बांधलेलं कुत्रं चिडकं होतं आणि रात्री सुटल्यावर हिशेब चुकता करतं.

कायद्यातही हे बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. एवढंच नाही, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही त्याच कलमात गुन्हा म्हणून लिहिलेला आहे.

पळायला सोडायचं तर कुंपण असलेली जागा बघा. शाळेचं सुट्टीतलं मैदान, भिंत घातलेला प्लॉट, तारेचं कुंपण असलेली बाग. कुंपण सहा फुटांचं हवं, चार फुटांवरून तो सहज जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून जातो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून. या रस्त्यांच्या आसपास पट्टा सोडणं म्हणजे जुगार. पलीकडे ससा दिसला तर कुत्रं ट्रक बघत नाही.

पट्ट्याचीही एक गोष्ट. या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून निघून येतो. रुंद कापडी पट्टा किंवा छातीला बसणारा हार्नेस घ्या. पट्ट्यावर मोबाईल नंबर लिहा. एवढं लांब पळणाऱ्या कुत्र्याला परत आणायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

‘जरा सशामागे सोडून बघू’ असं म्हणण्याआधी

‘शिकारी कुत्रं आहे, शिकार नको करायला?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. उत्तर स्पष्ट आहे: नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. रानातला ससा, काळवीट, चिंकारा, खोकड, घोरपड, मोर, कशाचीही शिकार करता येत नाही. कायद्यातली ‘शिकार’ ही व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, त्यासाठी हाकून काढणं, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा राहतोच. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, आणि काळवीट, मोर अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी किमान ३ ते कमाल ७ वर्षं. वर रील टाकली असेल तर पुरावा तुम्हीच तयार करून दिलेला असतो.

हा नुसता कायद्याचा धाक नाही. जिल्ह्यात येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे, शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य. इथली माळरानं म्हणजे लांडगे, खोकड, काळविटांचं शेवटचं घर. मोकळी सुटलेली कुत्री तिथे पिल्लं मारतात, जमिनीवरची अंडी खातात. लस न दिलेल्या कुत्र्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांत, खोकडांत जातो. आणि बिबट्या असलेल्या भागात तर पारडं उलटंही फिरतं, कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं.

रानडुकरं पिकाची नासाडी करतात म्हणून त्यांच्यावर कारवान सोडणारेही आहेत. या कुत्र्याची कातडी कागदासारखी पातळ. डुकराच्या एका सुळ्याने पोट फाटतं. काटेरी तारेतही तीच गत.

बरगड्या दिसतात म्हणून उपाशी नाही

कारवान पाळणाऱ्याला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य: ‘कुत्र्याला काही खायला घालता का नाही?’ शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं ही या जातीची तब्येत चांगली असल्याची खूण आहे. लोकांच्या बोलण्याला लाजून त्याला जाड करू नका, सांध्यांवर भार येतो. मात्र सगळ्या बरगड्या आणि पाठीचा मणका मोजता येत असेल, केस निस्तेज असतील, तर जंत किंवा गोचीड तापाची तपासणी करा.

खाण्याचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी आणि दूध ही जुनी पद्धत. त्यावर कुत्रं जगतं, पण नुसत्या भाकरीत या अंगकाठीला लागणारी प्रथिनं मिळत नाहीत. भाकरी किंवा भाताबरोबर रोज अंडी, उकडलेलं चिकन किंवा मटणाचे तुकडे, थोडं दही-ताक असावं. शाकाहारी घरात अंडंही चालत नसेल तर डाळ-पनीरवर हे कुत्रं वाढवणं अवघड जातं, तयार खाद्याचा खर्च आधीच धरा. दुधाने काहींना जुलाब होतात, त्यांना ताक सोसतं. शिजवलेली हाडं देऊ नयेत, ती फुटून टोकदार होतात. कांदा-लसणाचा रस्सा, चॉकलेट, आणि द्राक्षं-बेदाणे हे विषच. द्राक्षबागा असलेल्या या भागात शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवायची, कारण खाली पडलेली द्राक्षं कुत्री आवडीने खातात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दिवसातून दोनदा खायला द्या, एकदम थाळाभर नको. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळाल्यावर पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो. खाण्याआधी आणि नंतर तासभर पळवू नका. पोट ढोलासारखं फुगलं, कुत्रं ओकायला करतंय पण काही निघत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत जीव जातो.

ऊन, थंडी आणि फवारणी

अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बालाघाटच्या पठारावरची रात्र याला बोचते. उघड्यावर बांधू नका. पोत्यात कडबा किंवा भुसा भरून अंथरूण करा, नाहीतर कोपराला घट्टे पडून जखमा होतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच फिरवा. हाताचा पंजा डांबरावर पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत माणसांनाच टँकरची वाट बघावी लागते तिथे कुत्र्याचं भांडं कोरडं राहतं. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवा, दोनदा भरा. धाप थांबत नाही, लाळ चिकट, पाय लटपटतात, ही उष्माघाताची लक्षणं. साध्या गार पाण्याने अंग, पोट, पाय भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. बर्फ नको.

सोयाबीन, तुरीवर फवारणी झाली की दोन-तीन दिवस त्या रानात नेऊ नका. उंदरांचं औषध घातलेल्या जागाही लक्षात ठेवा.

डॉक्टरांना हे जरूर सांगा

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस (पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे) सुरू होते, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, पुढे दरवर्षी. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. पार्व्होने एका आठवड्यात अख्खी वीण जाते, म्हणून ‘गावठी रक्ताचं आहे, लस कशाला’ हा शहाणपणा नको. गोचीड रोज काढा, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा. ताप, हिरड्या पांढुरक्या, खाणं बंद, लघवी गडद, असं काही दिसलं की रक्त तपासा.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर हे ग्रेहाउंडच्या गटातलं कुत्रं आहे असं डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायोपेंटोनसारखी भुलीची काही औषधं या गटातल्या कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतात. दुसरी औषधं वापरता येतात. ग्रेहाउंडसारख्या जातींत तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडची पातळी कमी असणं हे नेहमीचं आहे, त्यामुळे रिपोर्ट बघून नसलेल्या आजारावर गोळ्या सुरू होऊ शकतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गायी-म्हशी-शेळ्यांची गर्दी असते, कुत्र्याची मोठी शस्त्रक्रिया तिथे जमेलच असं नाही. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गरज पडण्याआधीच तिथली वेळ विचारून ठेवा.

आपलंच कुत्रं चावलं, लस दिलेली आहे, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात दाखवा. हळद, चुना, तिखट लावत बसू नका.

पिल्लू घेताना

२०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. प्रत्यक्षात महिन्याभराची पिल्लं यात्रेत, बाजारात, मोटारसायकलच्या पिशवीत विकली जातात. इतक्या लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हेही कळलेलं नसतं. पिल्लाला त्याच्या आईजवळ जाऊन बघा. आई माणसाला बघून कोपऱ्यात दडत असेल किंवा दात दाखवत असेल तर दुसरीकडे चौकशी करा. शर्यतींसाठी ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही ‘प्युअर कारवान’ म्हणून खपवली जातात. घरात पाळायला तेही काही वाईट नसतं, पण किंमत त्या हिशेबाने द्या. कान-शेपूट कापून ‘लूक’ करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका.

पहिलंच कुत्रं असेल तर मादी जास्त सोपी, ती कमी भटकते. फक्त तिची नसबंदी वेळेवर करायला हवी, नाहीतर दीड-दोन वर्षांत आठ पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न येतो. आणि सोडून दिलेलं मोठं कारवान मिळत असेल, घरात शेळ्या-कोंबड्या-मांजर नसतील, तर तोही पर्याय बघण्यासारखा आहे. पहिले दोन-तीन आठवडे ते कोपरा सोडत नाही. जेवण त्याच वेळी, त्याच जागी, त्याच माणसाने द्यायचं आणि मागे लागायचं नाही. एक दिवस ते स्वतः येऊन पायाला पाठ टेकून झोपतं.

नीट सांभाळलं तर कारवान बारा-तेरा वर्षं सहज जगतो. आज दहावीतला पोरगा हट्ट करून पिल्लू आणत असेल, तर दोन वर्षांनी तो पुण्याला किंवा लातूरला शिकायला जाणार आणि रोज सकाळी सहाला पट्टा हातात घेऊन बाहेर पडायचं काम आई-वडिलांवर किंवा आजोबांवर येणार. पिल्लाच्या किमतीआधी घरात हे बोलून घ्यायला हवं.